दोन बोटं शिंग

शाळेची बस यायच्या आत मृदुलाने शाल्मलीची दहाही नखं पार मांसापर्यंत कापली.

"आई, रक्त आलं!"

"येऊ दे. मुठी मिटून ठेव. कुणी खाऊ दिला तरी बोटं उघडायची नाहीत."

कापलेले तुकडे तिने गॅसवर जाळले. तीन वर्षांपूर्वी शाल्मलीची कातडी कागदासारखी सोलवटत होती. डॉक्टरांनी गेंड्याचं जनुक तिच्या अंगात घातलं आणि पोर वाचली. तेव्हापासून तिची नखं कुठल्याही तपासणीत गेंड्याचं शिंगच ठरत. जंगलातला शेवटचा गेंडा गेला, पण शिंगाच्या पुडीसाठी वाटेल ते मोजणारी गिऱ्हाइकं गेली नव्हती. गेल्या महिन्यात हाच उपचार घेतलेली पलीकडच्या सोसायटीतली एक मुलगी बसथांब्यावरून नाहीशी झाली होती.

"आता काय नेतील मेले? नखंच नाहीत," मृदुला म्हणाली.

तिचे वडील, अण्णा, दारात उभे होते. त्यांनी वीस वर्षं अभयारण्यात गेंडे राखले होते.

"मृदू, आम्हीपण हेच केलं गं," ते म्हणाले. "शिकारी फिरकू नयेत म्हणून गेंड्यांना गुंगी देऊन आम्हीच शिंगं कापायचो. करवतीने."

"मग?"

"मुळाशी दोन बोटं शिंग उरतंच. तेवढ्यासाठी मारले त्यांनी."

खाली बस येऊन थांबली. शाल्मली मिटलेल्या मुठींनीच दप्तर उचलायला धडपडत होती. मृदुलाने पुढे होऊन दाराला आतून कडी घातली.