टिंग झाल्याबरोबर

भाषांतरकार आजोबांना कामावाचून करमेना, म्हणून नातीने त्यांच्या फोनवर सोय करून दिली. कुणाला भाषांतर करून हवं असलं की लगेच ई-मेल येणार आणि फोन टिंग करणार. "आजोबा, जो आधी उत्तर देईल त्याला काम. उगाच विचार करत बसू नका," तिने बजावलं.

टिंग झालं की आजोबा अर्ज लिहायला बसत. 'मी अनुभवी आहे' ही फुशारकी वाटे. 'थोडाफार अनुभव आहे' लिहिलं, तर असल्या माणसाला कोण विचारणार, असं वाटे. अर्ज मनासारखा होईपर्यंत काम दुसऱ्याला गेलेलं असे.

आज टिंग झालं. आजोबा 'अनुभवी' खोडत होते, तोवर आजी पदराला हात पुसत बाहेर आली.

"मिळालं काम."

"कुणाला?"

"मला. नातीने माझ्याही फोनवर तीच सोय केलीय."

"अगं, पण तुला कुठे येतं भाषांतर?"

"मी कुठे म्हटलं मला येतं? लिहिलं, काम चोख होईल, करणारा माणूस घरातलाच आहे. फक्त 'तुम्हाला जमेल का', असं त्याला विचारू नका."