लाकडी फौज
१९८३ साली नाशिकच्या मेनरोडवरच्या एका दुकानात लढाईचा खेळ घ्यावा की नाही, यावर आमचं अडलं होतं. दोघी मुली हट्टाला पेटल्या होत्या. पण खेळ चौघांचा; मुली आणि त्यांचे वडील मिळून तिघंच होत होते, मला खेळायची आवड नाही, आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे शकुबाईंना, अक्षरओळख नव्हती.

"आईला काय कळणार यातलं?" हे म्हणाले.

दुकानदाराने लाकडी ठोकळे उभे करून दाखवले. ताकदीचे ठिपके खेळणाऱ्याच्या बाजूला. समोरच्याला नुसती कोरी पाठ दिसायची. सासूबाईंनी ठिपके मोजले आणि एकच ठिपका असलेला ठोकळा उचलून सगळ्यांत पुढे ठेवला.

"आजी, हा तर सगळ्यात दुबळा!" दुकानदार हसला.

"ते मला म्हाईत. समोरच्याला कुठं दिसतंय?" सासूबाई म्हणाल्या. "ह्याचा बाप गेला तवा माझे दीर जमिनीवर टपले होते. मी धान्याची कणगी शेणानं लिंपून दारातच उभी केली. बाईकडं वर्षाचं धान्य हाय, ही काय जमीन सोडत नाय, असं वाटून गेले माघारी."

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. "आई, ती कणगी पेरणीच्या बियाण्याची म्हणून तू आम्हाला हात लावू देत नव्हतीस. रिकामी होती?"

सासूबाईंनी ठोकळा बोटाने जरा सरळ केला.

"खेळ बांधून द्या," हे दुकानदाराला म्हणाले. मग मुलींकडे वळले. "आणि आईच्या बाजूने मी. आधीच सांगून ठेवतो."