कोरडा पाय

रंगनाथनं कमरेची गाठ सोडली आणि दोराचं टोक बायकोच्या मांडीवर टाकलं.

"आज दोर न्हाई."

भागिरथीला वाटलं, दोर कुठं तरी झिजला असेल. तिनं तो उजेडात धरून पाहिला. चांगला होता. विहिरीत पडलेलं काढायला रंगनाथ बुडी मारायचा, तेव्हा हाच दोर त्याच्या कमरेला असायचा. वरचं टोक काठावरच्या बाभळीला आणि मधला दोर तिच्या हातात. आतून एक हिसका आला की ठीक. दोन आले की ओढायचं.

"समुद्रात कुठला आलाय दोर?" तो म्हणाला. "तुला आत्तापासनं सवय व्हाया पायजे. न्हाईतर होडीत बसून रडशील."

"मी येते म्हनले कुठं?"

"मग मी काय येकटाच हिंडू? नाखवा म्हनला, वैनींना घिऊन या."

हा नाखवा हर्णैचा, स्वतःच्या होडीचा मालक. शिर्डीला दर्शनाला आला होता, तेव्हा राहात्याजवळ एका विहिरीवर हातपाय धुताना त्याच्या बायकोची सोन्याची माळ पाण्यात गेली. रंगनाथनं ती काढून दिली आणि बदल्यात चहासुद्धा घेतला नाही. नाखवा म्हणाला, माघात या, तेव्हा आमच्याकडं पाण्यातला मासा वरून दिसतो. होडी तुमचीच समजा.

तेव्हापासून रंगनाथच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. नगरला गाडी बदलायची, पुण्याला बदलायची, मग घाट. होडीतच रांधायचं, होडीतच निजायचं. तो बुड्या मारणार आणि ती वर बसून बघणार.

"किती पानी असतंय तिथं?" तिनं विचारलं.

"मोजतंय कोन?"

"हितं दोन पुरुष खोल हाय. तिथं?"

"आसंल धा. मी काय तळाला जानार हाय व्हय?"

तळाला हात लावल्याशिवाय हा माणूस आजवर कधी वर आला नव्हता.

"समुद्राला काठ तरी हाय का?"

"हाय की. एका अंगाला."

तो हसला. ती हसली नाही.

"आत्याबाईंनी सांगितलंय," ती हळूच म्हणाली. सासूनं लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं, दोर तुझ्या हातात आणि पाय तुझा कोरडा. बुडी मारणाऱ्याच्या बायकोनं पाण्यात उतरायचं नाही. घरातलं एक माणूस पाण्यात असलं, तेवढं पुष्कळ झालं.

"होडीत पाय कोरडाच ऱ्हातोय, भागे," रंगनाथ म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला.

विहीर भाऊसाहेबांची. त्यांच्या इंजनाचं हँडल तळाला गेलं होतं, गळ टाकून लागत नव्हतं. रंगनाथला विहीर दाखवून भाऊसाहेब घरी निघून गेले होते. आसपास कुणी नव्हतं. रंगनाथनं छातीवर पाणी मारलं, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, एकदा वर तिच्याकडं पाहिलं आणि बुडी मारली.

तिनं नेहमीप्रमाणं श्वास कोंडला. सवयीनं दोर मुठीत आवळला. दोर तिच्याच मांडीवर पडला होता.

लाटा कडेच्या दगडांवर आपटून परतल्या आणि निवल्या. पलीकडच्या अंगाला बुडबुडे आले. मग थोडेच आले. मग आलेच नाहीत.

तिचा श्वास संपला. तिनं दुसरा घेतला. दुसरा घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, तोवर हिसका यायचाच. पाणी सपाट झालं. त्यात बाभळीचा शेंडा दिसायला लागला, आणि तिचं तोंड. हितं निदान कुठल्या दगडाकडं बघायचं ते ठाऊक हाय, तिच्या मनात आलं. तिथं कुठं बघू?



मग तिच्या हातांनीच काय ते केलं. जी गाठ ती इतकी वर्षं त्याच्या कमरेला मारत आली होती, ती तिनं आपल्या कमरेला मारली. पायऱ्या उतरली. ओल्या पायरीशी थांबली. पुढचं पाऊल पाण्यात पडलं.

घोटा बुडाला. गुडघा बुडाला. लुगडं फुगून वर आलं आणि गार पाणी पोटाला भिडलं. तिनं अंगठ्यानं पुढची पायरी चाचपली. पुढं पायरी नव्हती.

पलीकडं पाणी फुटलं. रंगनाथ धापा टाकत वर आला, हातात हँडल.

"कपारीत घुसलं हुतं," वर काठाकडं तोंड करून तो म्हणाला. "बघ, झालं का काई?"

काठावर कुणी नव्हतं. बाभळीपासून दोर तेवढा खाली विहिरीत उतरला होता.

"भागे?"

त्याचं तोंड तिला बाजूनं दिसत होतं. वर बसून त्याची वाट बघताना आपण कसे दिसत असू, ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. हँडल त्याच्या हातातून सुटलं आणि डुबकन परत तळाला गेलं.

"हितं हाय," ती म्हणाली.

तो पोहत आला. तिचा दंड घट्ट धरला. मग तिच्या कमरेची गाठ पाहिली.

"पुन्यांदा जावं लागनार," तो म्हणाला.

तिनं आपली गाठ सोडली. दोर त्याच्या कमरेभोवती घेतला. त्यानं मुकाट्यानं दोन्ही हात वर केले, अंघोळीनंतर सदरा घालून घेणाऱ्या पोरासारखे. तिनं गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"नाखव्याला सांगा," ती म्हणाली, "दोर आमचा आमी आनतो म्हनावं."

पाय तिचे अजून पाण्यातच होते.