चौतीसची बत्तीस

अंबिकाबाईंनी क्रीमची डबी काउंटरच्या काचेवर आपटली, झाकण उघडलं आणि प्रितीच्या नाकाखाली धरली. "घे. लाव तुझ्या पोटाला. माझ्यासमोर लाव."

दादरच्या त्या दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं लिपस्टिकचे रंग मनगटावर लावून बघत होती. ती सगळी थांबली. प्रिती तिथे कंपनीचा बिल्ला लावून हीच क्रीमं विकायची. तिने डबी हळूच बाजूला सरकवली. "काकी, आधी बसा ना तुम्ही. पाणी देऊ?"

"पाणी नको. हिच्याकडे बघ."

मागे शेजारची पूर्वी उभी होती, ओढणी पोटाशी धरून. सव्वीस वर्षांची, परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी, लालबागच्या चाळीत अंबिकाबाईंच्या समोरच्या खोलीत वाढलेली. येत्या रविवारी तिची हळद होती आणि आज बुधवारी तिच्या पोटावर, कमरेवर लालभडक पुरळ होतं. खाजवून खाजवून दोन ठिकाणी कातडी सोलली होती. डॉक्टरीणबाईंनी कालच बजावलं होतं, क्रीम आजपासून बंद, नाहीतर नवऱ्याकडची उष्टी हळद अंगाला लावायचं विसर. ऐकते कशाला. आज पहाटे मोरीचं दार लावून पुन्हा तेच चोळत होती. विचारलं तर "फरक पडतोय" एवढंच म्हणाली. तिची आई रडत अंबिकाबाईंच्या खोलीत आली. अंबिकाबाईंनी मशीनवरचा ब्लाऊज तसाच सोडला आणि पोरीला हाताला धरून दुकानात आणलं. काम एकच होतं. विकणाऱ्या बाईने आपल्या तोंडाने सांगावं, की हे थोतांड आहे. मग तरी पोरगी डबी सोडेल.

भिंतीवर क्रीमचं पोस्टर होतं. चौदा दिवसांत घट्ट, सडपातळ कंबर. घाम नको, उपास नको. पोस्टरमधल्या बाईने ती कंबर या क्रीमने कमावली असेल, तर अंबिकाबाई उद्यापासून शिवणकाम बंद करायला तयार होत्या. तीस वर्षं त्यांनी बायकांची अंगंच मोजली होती. बाळंतपणात सुटलेली, साखरेच्या आजाराने उतरलेली, नवरा गेल्यावर आटलेली. अंग कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं, हे त्यांना कुणी डबीवर छापून सांगायला नको होतं. चोळून जायला चरबी म्हणजे काय तव्याखालची काजळी आहे?

"इथे काय लिहिलंय? वाच."

प्रितीने वाचलं. "नव्वद टक्के महिलांना फरक जाणवला."

"आता खालचं बारीक वाच. मला दिसत नाही, तुला दिसेल."

प्रितीने डबी डोळ्यांजवळ नेली. "चाळीस महिलांचं वैयक्तिक मत. परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात."

चाळीस. एवढ्या बायका तर चाळीच्या एका मजल्यावर सापडतात. आणि त्यांना म्हणे जाणवलं. जाणवायला काय लागतं? नवी साडी नेसली तरी बाईला आपण बारीक झाल्यासारखं जाणवतं. तेवढ्याच्या जोरावर या लोकांनी पोस्टरं छापली आणि एका धडधाकट, शिकलेल्या, कमावत्या मुलीला स्वतःच्या कमरेची लाज वाटायला लावली. संताप येणार नाही तर काय होणार.

"मोजलं का कोणी? त्या चाळीस जणींना टेप लावली?"

प्रितीने गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते नाय माहीत काकी. ट्रेनिंगमध्ये जे बोलायला शिकवतात ते आम्ही बोलतो. माप-बिप इथे कोणी घेत नाय."

"आणि तू स्वतः लावतेस हे?"

प्रितीने छातीवरचा बिल्ला सरळ केला. मग म्हणाली, "नाय."

अंबिकाबाईंना हेच हवं होतं. त्या पूर्वीकडे वळल्या. "ऐकलंस? विकणारीच लावत नाही. कोणी मोजलेलं नाही, सगळा अंदाजपंचे कारभार. माणसाच्या अंगाबद्दल खोटं बोलून पोट भरतात मेले. टाक ती डबी."

पूर्वीने काचेवरची डबी उचलली. झाकण नीट लावलं आणि ती आपल्या पर्समध्ये ठेवली.

"त्यांचं नसेल मोजलं मावशी. माझं मोजलंय."

"कोणी?"

"तूच." पूर्वी शांतपणे बोलत होती, लॅबमध्ये रिपोर्ट समजावून सांगावा तशी. "जाणवलं-बिणवलं मी पण मानत नाय. पहिली डबी संपली तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं. फेकूनच देणार होते. मग घागऱ्याचं माप द्यायला तुझ्याकडे आले. तू टेप लावलीस आणि म्हणालीस, दोन इंच उतरलीस गं पूर्वी, चौतीसची बत्तीस झालीस. म्हणून मी दुसरी डबी घेतली. अजून चार दिवस आहेत. पुरळाचं नंतर बघू."

दुकानात सगळ्या अंबिकाबाईंकडे बघायला लागल्या. त्यांना तो दिवस आठवला. ही पोर श्वास रोखून उभी होती आणि टेपकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. माप किती भरलं होतं ते अंबिकाबाईंना पाठ होतं. राग अजून होताच, पण तो कुणावर काढावा ते आता त्यांना कळेना. प्रितीने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"चौतीसच भरली होतीस गं," त्या म्हणाल्या. "बत्तीस मी म्हणाले. लग्नाच्या पोरींना मी दोन कमीच सांगते."