साफ केलेलं गाणं

रिकाम्या टोपात ठेवलेला फोन थरथरला आणि अख्खा टोप वाजला. कैनाडच्या पाड्यावर दुपारची सामसूम होती. ओट्यावर तिघी मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. जयवंती, तिची सासू बुधीबाई आणि पाच वर्षांची रविना. टोपात ठेवला की फोनचा आवाज मोठा येतो, म्हणून तो तिथंच असायचा.

“आये, नविनदादा!” रविना स्क्रीनवरचा फोटो बघून म्हणाली.

“तूच घे. माझे हात मिरचीचे.”

रविनानं बोट फिरवलं. आशागडच्या नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा नविन टोपातून मोठ्यानं बोलू लागला.

“ताई, मिळालं तुमचं गाणं! फोन पार मेलेला, आत सगळं पाणी. कसं काढलं ते माझं मला माहीत.”

जयवंतीच्या बोटांतली मिरची तशीच राहिली. पावसात जुना फोन भिजला, तेव्हापासून ती याच निरोपाची वाट बघत होती.

“लय उपकार झाले, दादा. पैसे—”

“पैशाचं नाव काढू नका. आमचा एक ग्रुप आहे, ‘अडगळीतली गाणी’. सगळे कानसेन. कुणी न ऐकलेलं असं काहीतरी शोधत बसलेले असतात. त्यात टाकलं मी. आख्खा ग्रुप वेडा झालाय, ताई! या आठवड्याचं गाणं तुमचंच. पाठवतो, तुम्हाला पण घेतो ग्रुपमध्ये. ऐका.”

टोप पुन्हा वाजला. रविनानं गाणं लावलं.

*नागलीच्या शेतान पाखरू गो बसला...*

बुधीबाईचा हात थांबला. “मीच का गो ती?” तिनं पदर तोंडावर धरला आणि आतल्या आत हसली.

जयवंतीनं डोळे मिटले. दुसरं कडवं संपलं की ते येणार होतं. गाणं भरलं त्या दिवशी बुधीबाई झोळी हलवत गात होती आणि झोळीतला जयवंतीचा तान्हा बारक्या पहिल्यापासून रडत होता. दुसऱ्या कडव्यानंतर तो जरा थांबायचा, उचकी द्यायचा आणि परत सूर लावायचा. त्याचा फोटो नव्हता. वर्षाचा होईस्तोवर बुधीबाईनं काढू दिला नाही, नजर लागते म्हणून. वर्ष झालंच नाही. मग घरात त्याचं नाव काढणं बंद झालं. दुकानातही जयवंतीच्या तोंडून ते निघालं नव्हतं. ‘सासूचं गाणं आहे, तेवढं काढून द्या,’ एवढंच ती बोलली होती.

दुसरं कडवं संपलं.

तिथं काही नव्हतं. झोळीच्या दोरीची करकरसुद्धा नव्हती. स्वच्छ, कोरी शांतता, आणि मग तिसरं कडवं.

जयवंतीनं मिरचीच्या हातांनीच फोन उचलला आणि नविनला लावला.

“दादा, याच्या मागं... मागं आवाज होता.”

“हां, ते! पोरगं बोंबलत होतं ना सारखं. वाट लावली होती त्यानं गाण्याची. आता ॲप आलंय, ताई. एक बटन दाबलं की मागचा सगळा कचरा साफ. बघा, कसा काचेसारखा आवाज आलाय.”

“मला पहिलं पाठवा.”

“कुठलं?”

“कचऱ्याचं.”

नविन हसला. “ते कशाला ठेवू? त्याच्यावरच सेव्ह मारलं. आणि फोन गेला भंगारात. अहो, काय करायचंय ते ऐकून? कान किटतील.” पलीकडे कुणीतरी कव्हरचा भाव विचारत होतं. “चला, गिऱ्हाईक आहे. आजींकडं अजून असली गाणी असतील तर भरून ठेवा. फक्त घरात पोरं नसताना.”

फोन बंद झाला आणि लगेच थरथरू लागला. ग्रुपमधून मेसेज येत होते. कुणी संगिता मॅडम होत्या: ‘किती शुद्ध! डोळ्यांत पाणी आलं.’ कुणी सुनिल सर होते: ‘या आजींनी दुःख भोगलंय. आवाजातच कळतं.’ खाली टाळ्या, टाळ्या, फुलं.

“काय म्हणतात गो?” बुधीबाईनं विचारलं.

“गोड म्हणतात.”

“मग परत लाव की.”

जयवंतीच्या हातातून फोन रविनानं घेतला, टोपात ठेवला आणि गाणं लावलं. टोपाच्या काठावर गाल टेकून ती ऐकत राहिली. बुधीबाई आपल्याच आवाजाबरोबर मान हलवत होती. मिरच्यांचा ढीग मधे तसाच पडला होता.

दुसरं कडवं संपलं. रविनानं टोपात वाकून पाहिलं. फोन उचलून कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. तिसरं कडवं सुरू झालं तशी तिनं तो खाली ठेवला.

“आये,” ती म्हणाली, “बारक्याला गप कोणी केला?”