घर हेरणारी

रस्त्यावरून संस्थेत आणि संस्थेतून शिंपीणकाकूंच्या घरी आलेली ती पोर घरात रमायचं सोडून चक्क घर हेरत होती. मागच्या दाराची कडी काढून बघायची, काका कामावरून कधी येतात आणि चिडतात का ते खोदून खोदून विचारायची. परवा तर तिने काकूंच्या डोळ्यांत डोळे घालून हातातला नवाकोरा कप खाली सोडला आणि भिंतीला पाठ लावून त्यांच्याकडे बघत राहिली.

"साधी नाही हं ही, वहिनी," शेजारीण कुजबुजली. "हिची टोळी असणार बाहेर. घर धुऊन नेतील आणि तुम्ही बसाल कपाळाला हात लावून."

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पोरीला परत न्या, असं संस्थेला कळवायला त्यांनी फोन उचलला, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. त्या दबक्या पावलांनी तिकडे गेल्या.

पोर दारातून एका चिमुरडीला आत ओढत होती. नाकडोळे थेट हिचेच.



"ये गं, ताई आहे ना. मी सगळं करून बघितलंय, इथे कुणीच मारत नाही."