आरशाचा खांदा

रिकाम्या चौकटीच्या अलीकडे थोरली बहीण, पलीकडे धाकटी. थोरली आरशात बघणारी बाई आणि धाकटी तिचं प्रतिबिंब. दोघींच्या या मूकनाट्याचा नियम एकच होता. बाई जे करेल ते आरशाने त्याच क्षणी करायचं. आरसा चुकला की खेळ संपला.

महिनाभरापासून धाकटीचा डावा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जाईना. खेळाच्या शेवटी बाई टोपी काढून उंच धरते, तिथे आपलं पितळ उघडं पडणार, अशी तिला रोज धास्ती असायची. पण हल्ली थोरलीचाच उजवा हात कानापाशी थांबत होता. ताई थकत चालली, असं धाकटीला वाटे. त्यामुळे आपण निभावून जातोय, याची लाजही वाटे.

आज प्रयोगानंतर रंगपटात तिला राहवलं नाही.

"ताई, रागावू नकोस. तुझा हात पूर्वीसारखा वर जात नाही गं. डॉक्टरांना दाखव ना."

"म्हातारी झालीस म्हण की सरळ!"

"तसं नाही गं..."

"बरं बाई, दाखवू. दोघी मिळून जाऊ."

थोरली हसत उठली. उजवा हात सरसर वर नेऊन तिने उंच कपाटाच्या माथ्यावरून मलमाची ट्यूब काढली आणि धाकटीच्या मागे येऊन उभी राहिली.

"डावा ना? सरकव बाही."